परसातली कोंबडी मेली, अंड्याचे काय?

रायगड जिल्ह्याच्या उरण तालुक्यातील चिरनेर हे गाव १९३० सालच्या जंगल सत्याग्रहामुळे महाराष्ट्राच्या इतिहासात नोंदले गेले आहे. त्या गावाचे नाव २०२५ च्या जानेवारीत पुन्हा वृत्तपत्रांत आले. परंतु या वेळी ते माणसांच्या पराक्रमामुळे नव्हे, तर कोंबड्यांच्या मृत्यूमुळे. घराच्या परसात पाळलेल्या कोंबड्या एकाएकी मरू लागल्या, त्यांचे नमुने पुण्यास आणि भोपाळला गेले, बर्ड फ्लू असल्याचा निर्वाळा आला आणि भोवतालच्या एक किलोमीटरच्या परिघातील धडधाकट कोंबड्याही मारून पुरण्यात आल्या. सरकारी यंत्रणेने नियमाप्रमाणे जे करावयाचे ते केले. त्याबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न त्या आधीच्या दिवसांविषयी आहे, आणि तो केवळ चिरनेरपुरता नाही. पहिली कोंबडी मरून पडल्यापासून प्रयोगशाळेचा निकाल हाती येईपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत खुराड्यातील उरलेल्या कोंबड्यांनी घातलेल्या अंड्यांचे लोकांनी काय करावे?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. मुंबईसारख्या महानगराच्या दैनिकाने पहिल्या पृष्ठावर कोंबडीच्या अंड्याची चर्चा करावी, याचे काही वाचकांना हसूही येईल. परंतु ज्या घरी दहा-बारा कोंबड्या हाच आठवडी बाजाराचा आधार असतो, मुलाच्या वहीपासून म्हातारीच्या औषधापर्यंतचा वरखर्च ज्या घरी अंड्यांवर निघतो, त्या घरी हा प्रश्न क्षुल्लक नसतो. आणि शहरालाही त्याचा संबंध नाही असे नाही. उरण, पनवेल, पेण, अलिबाग, वसई या भागांतून टोपल्यांत येणारी गावठी अंडी मुंबईकर हौसेने घेतो, पांढऱ्या अंड्याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक दाम मोजून घेतो, आणि आपण काही अधिक शुद्ध व सकस खात आहोत या समाधानात ती खातो. या समाधानाची थोडी चिकित्सा करणे आवश्यक झाले आहे.

गावठी कोंबडी मोकळी फिरते, उकिरडा उकरते, किडे-मुंग्या टिपते. तिच्या अंड्याची चव निराळी असेल, नाकारण्याचे कारण नाही. परंतु मोकळी फिरणारी कोंबडी ज्यांना भेटते त्यांत कावळाही असतो, बगळाही असतो आणि हिवाळ्यात खाडीच्या पाणथळीवर दूर देशांहून उतरणारे बदकही असते. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या, त्याच दिवसांत मुंबईत आणि दापोलीत मेलेल्या कावळ्यांत आणि ठाण्यात मेलेल्या बगळ्यांत हाच रोग आढळला. २०२५ च्या जानेवारीत लातूर जिल्ह्यातील उदगीरला कावळे मरून पडले, तेव्हाही कारण तेच निघाले. त्याच्या किंचित आधी, २०२४ च्या डिसेंबरात, नागपूरच्या गोरेवाडा येथील बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने मेले. ज्या रोगाने वाघ मरतो तो रोग कोंबडीच्या खुराड्याचे दार बंद पाहून परत फिरेल, अशी आशा कोणी बाळगू नये. मोठ्या कुक्कुटपालन केंद्राला जाळी असते, दाराशी जंतुनाशकात बुडवलेले पायपोस असते, बाहेरच्या माणसाला मज्जाव असतो. परसातल्या खुराड्याला यांपैकी काहीही नसते. आणि हे परसातले कुक्कुटधन थोडे नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातील कोंबड्या-बदकांची संख्या ८५ कोटींच्या वर भरली. त्यांतील ३१ कोटींहून अधिक पक्षी परसातले होते, आणि सात वर्षांत त्यांच्यात जवळजवळ ४६ टक्के वाढ झाली होती.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोंबडी का मेली हे कळल्याखेरीज तिच्या सोबतिणीचे अंडे खावे की न खावे हे सांगता येत नाही. आणि ती का मेली हे नुसत्या नजरेने ओळखणे भल्या जाणकारालाही अवघड असते. आमच्या खेड्यांतून कोंबड्यांच्या साथीला सरसकट ‘मानमोडी’ म्हणतात. मान वाकडी होते, पाय लुळे पडतात, हिरवट हगवण लागते आणि दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. हाच तो राणीखेत रोग. १९२० नंतरच्या दशकात कुमाऊँमधील राणीखेत येथे तो आपल्या देशात प्रथम ओळखला गेला, म्हणून त्याला ते नाव पडले. साहेबाच्या देशात तो न्यूकॅसलच्या नावाने ओळखला जातो. १९१८ साली इन्फ्लुएंझाने माणसे पटापट मेली, तेव्हा महाराष्ट्राने त्या साथीलाही ‘मानमोडी’च म्हटले होते. एकच नाव दोन निराळ्या रोगांना लाभावे हा भाषेचा योगायोग. परंतु या योगायोगाची किंमत पुढे मोजावी लागली. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापुरात कोंबड्या मरू लागल्या, तेव्हाही ही नेहमीचीच राणीखेत आहे असे मानण्यात काळ गेला. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात भोपाळचा अहवाल आला आणि भारतात बर्ड फ्लूचा प्रवेश झाल्याचे जाहीर झाले. मग लाखो कोंबड्या मारण्यात आल्या आणि लाखो अंडी गाडण्यात आली. तोपर्यंत त्या भागातून किती अंडी कोठकोठे गेली असतील, याचा हिशेब कोणी देऊ शकला नाही. दुसऱ्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यात रोग निघाला, तो परसातल्या कोंबड्यांत.

राणीखेत असेल तर माणसाला भय जवळजवळ नाही. फार तर मेलेली कोंबडी हाताळणाऱ्याचे डोळे चार दिवस लाल होतात. बर्ड फ्लू असेल तर गोष्ट निराळी. रोगी कोंबडीचे अंडी घालणे लवकरच मंदावते, कवच मऊ पडते, मग अंडी बंद होतात. परंतु बंद होण्यापूर्वी घातलेल्या अंड्यांच्या कवचावर, आणि आत पांढऱ्यात व पिवळ्या बलकातही, रोगाचे विषाणू सापडू शकतात. कोंबडी वरकरणी बरी दिसत असतानाही हे होऊ शकते. यावर जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा की, अंड्याच्या सर्व भागांना ७० अंश सेल्सिअसची उष्णता पोचली म्हणजे विषाणू मरतो. अंडे पूर्ण उकडलेले असावे, पांढरे आणि बलक दोन्ही घट्ट झालेले असावेत, एवढाच याचा व्यवहारातला अर्थ. शीतकपाटात ठेवल्याने तो मरत नाही. उलट थंडीत तो अधिक काळ तग धरतो.

या सल्ल्यावरच आमचे मंत्री आणि अधिकारी संतुष्ट असतात. साथ आली की पत्रक निघते: ‘अंडी व मांस नीट शिजवून खा, घाबरण्याचे कारण नाही.’ वाक्य खोटे नाही. परंतु ते अर्धे आहे, आणि ज्याच्या परसात कोंबडी मरून पडली आहे त्याला ते अर्धेच वाक्य घातक ठरू शकते. कारण मरणाचे कारण अद्याप कळलेले नसते. कोंबड्या रोगानेच मरतात असे थोडेच आहे? शेजारच्या शेतात पेरणीचे औषध लावलेले बी सांडते, कोणी उंदरांसाठी घातलेले विषारी पीठ कोंबड्या टिपतात, फवारणीच्या रिकाम्या डब्यात पाणी साठते व त्या ते पितात, बुरशी आलेला मका किंवा भुईमुगाची पेंड त्यांच्यापुढे टाकली जाते. एका दिवसात चार-पाच कोंबड्या एकदम गेल्या आणि पोटाची पिशवी दाण्यांनी भरलेली निघाली, तर संशय रोगापेक्षा विषावर घ्यावा, असे जाणते पशुवैद्य सांगतात. जी कोंबडी थोडे विष खाऊन जगली ती अंडे घालीत राहते, आणि कित्येक विषे त्या अंड्यात उतरतात. अशा अंड्याला तासभर उकळले तरी काय उपयोग? उष्णतेने जंतू मरतात; विष मरत नाही. २०१७ साली हॉलंड-बेल्जियममध्ये कोंबड्यांवरील माइट नावाच्या बारीक किडीसाठी फिप्रोनिल नावाचे औषध बेकायदा वापरले गेले, ते अंड्यांत उतरले, आणि युरोपभर दुकानांतून लक्षावधी अंडी मागे घ्यावी लागली. ‘नीट शिजवून खा’ असे तेथील कोणत्याही सरकारने सांगितले नाही, कारण ते सांगून भागणार नव्हते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे आहे की, कारण अज्ञात असेतोवर त्या खुराड्यातील अंडी खाऊ नयेत, विकू नयेत, शेजाऱ्याला देऊ नयेत आणि रवणीलाही घालू नयेत. शिजवण्याचा सल्ला हा कारण कळल्यानंतरचा आहे. किंवा ज्या अंड्यांचा अशा खुराड्याशी संबंधच नाही, अशा बाजारातील अंड्यांसाठी आहे. हे दोन सल्ले निरनिराळे आहेत, आणि सरकारी पत्रकांतून त्यांचा जो घोळ होतो तो थांबला पाहिजे.

येथे एक तारतम्यही राखले पाहिजे. अंडे खाण्यापेक्षा मेलेली अथवा मरू घातलेली कोंबडी हाताळणे कितीतरी अधिक धोक्याचे आहे. कोंबडी ‘जाते’ आहे असे दिसताच तिच्या मानेवरून सुरी फिरवावी आणि निदान हंडी तरी पदरात पाडून घ्यावी, ही खेड्यापाड्यांतील जुनी रीत. ती निर्दयतेची नाही, गरिबीची आहे. परंतु पिसे काढताना, आतडी साफ करताना जे उडते आणि हाताला लागते त्यातूनच माणसाला बाधा होते. कंबोडियात २०२३ पासून या रोगाने माणसे दगावत आहेत, त्यांत लहान मुले अनेक आहेत. आणि बहुतेक घटनांत घरच्या आजारी किंवा मेलेल्या कोंबड्यांशी संबंध आलेला आढळला आहे. आपल्या देशात माणसाचा पहिला बळी २०२१ च्या जुलैत दिल्लीच्या रुग्णालयात नोंदला गेला, तो एक अकरा वर्षांचा मुलगा होता. २०२५ च्या मार्चमध्ये आंध्र प्रदेशातील दोन वर्षांची एक मुलगी गेली. तिने कच्च्या कोंबडीचा तुकडा खाल्ला होता असे सांगण्यात आले. भारतात असे बळी मोजकेच आहेत आणि त्यावरून हाहाकार माजवण्याचे कारण नाही. परंतु घरात कोंबड्यांची देखभाल करणारे हात कोणाचे असतात? बाईचे आणि पोराचे. खुराडे ती झाडते, अंडी पोर गोळा करते, मेलेली कोंबडी शेपटीला धरून उकिरड्यावर तेच पोर टाकून येते, आणि मग ती कुत्र्या-मांजरांच्या व कावळ्यांच्या तोंडी जाते. एखादी पिशवी हातावर चढवून कोंबडी उचलावी, चुना टाकून खोल खड्ड्यात पुरावी, ओढ्यात वा खाडीत फेकू नये, आणि साबणाने हात धुवावेत, एवढे सांगण्यासाठी कोणत्याही आयोगाची गरज नाही. मात्र पुरण्यापूर्वी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. पुरून टाकलेल्या कोंबडीचे निदान होत नाही.

बर्ड फ्लूचा बोभाटा होतो. पण अंड्यातून माणसाला होणारा सर्वांत नित्याचा उपद्रव त्याचा नव्हे, साल्मोनेला नावाच्या जंतूचा आहे. याचा एक प्रकार कोंबडीच्या अंडाशयातच ठाण मांडतो आणि कवच धरण्यापूर्वीच अंड्यात शिरतो. कोंबडी दिसायला ठणठणीत, अंडे दिसायला स्वच्छ. खाणाऱ्याला मात्र जुलाब, ताप आणि पोटात मुरडा. १९८८ च्या डिसेंबरात ब्रिटनच्या आरोग्य खात्यातील कनिष्ठ मंत्री एडविना करी यांनी देशातील बहुतेक अंड्यांत हा जंतू आहे अशा अर्थाचे विधान केले. अंड्यांचा खप धाडकन कोसळला, शेतकरी खवळले आणि दोन आठवड्यांत बाईंना राजीनामा द्यावा लागला. बाईंनी अतिशयोक्ती केली होती. परंतु जंतू खरा होता. पुढे ब्रिटनने कोंबड्यांना लस टोचण्याचा कार्यक्रम हाती घेतला, अंड्यावर सिंहाची मुद्रा उमटवण्याची पद्धत १९९८ साली सुरू केली, आणि २०१७ मध्ये तेथील अन्नविषयक अधिकारी मंडळाने मुद्रा असलेले अंडे गर्भवतींनी व बालकांनीही अर्धेकच्चे खाल्ले तरी चालेल असे जाहीर केले. हा विश्वास परत मिळवण्यास तीन दशके लागली, आणि तो पत्रकांनी नव्हे, लशीने आणि मुद्रेने मिळाला.

आपल्याकडे अंड्यावर कसलीही मुद्रा नसते. ते कोणत्या गावचे, कोणत्या दिवसाचे, कोणत्या खुराड्यातले, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. अशा अवस्थेत कच्चे अंडे दुधात फेटून पिण्याची तालीमबाजांची प्रथा, किंवा उपाहारगृहांत मिळणारे वाहत्या बलकाचे ‘हाफ फ्राय’, यांची तरफदारी आम्हांस करवत नाही. कच्च्या अंड्याच्या मेयोनेजवर तेलंगणाने २०२४ मध्ये आणि तमिळनाडूने २०२५ मध्ये वर्षभरासाठी बंदी घातली, ती उगाच नव्हे. घरोघरच्या गृहिणींना एवढेच सुचवावेसे वाटते की, विष्ठा लागलेली आणि तडकलेली अंडी घेऊ नयेत आणि आणलेली अंडी धुऊन ठेवू नयेत. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात, त्यांवर निसर्गाने एक पातळ लेप दिलेला असतो. धुण्याने तो जातो आणि थंड पाण्याबरोबर वरची घाण आत ओढली जाते. धुवावयाचेच असेल तर भांड्यात टाकण्याच्या क्षणी धुवावे.

आता सरकारकडे वळले पाहिजे, कारण या विषयातील खरी गाठ तेथे आहे. २००९ साली संसदेने प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांना आळा घालणारा कायदा केला. ज्याच्याजवळ रोगाचा संशय असलेला प्राणी असेल त्याने ग्रामपंचायतीला अथवा गावच्या अधिकाऱ्याला कळवावे, असे कर्तव्य त्या कायद्याने प्रत्येक मालकावर टाकले आहे. कर्तव्य ठीकच आहे. परंतु ते बजावणाऱ्याच्या पदरात काय पडते, हे कोणी पाहिले आहे काय?

समजा, एका बाईच्या दहा कोंबड्या आहेत. सहा मेल्या. तिने कायद्याला स्मरून कळवले. बर्ड फ्लू निघाला. उरलेल्या चार सरकारने मारल्या. नुकसानभरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या कोंबड्यांची. आपोआप मेलेल्या कोंबड्यांची नव्हे. २०२१ साली राज्य सरकारने जे दर जाहीर केले त्यांप्रमाणे आठ आठवड्यांवरील अंडी देणाऱ्या कोंबडीला नव्वद रुपये आणि नष्ट केलेल्या अंड्याला तीन रुपये. म्हणजे चार कोंबड्यांचे तीनशे साठ रुपये, तेही कागदपत्रे पुरी झाल्यावर. बाजारात धडधाकट गावठी कोंबडी याच्या कितीतरी पट किमतीला जाते, आणि तीन रुपयांत गावठी अंडे कोठे मिळते ते आम्हांस ठाऊक नाही. शिवाय तिच्या एका निरोपामुळे भोवतालच्या एक किलोमीटरातील साऱ्या शेजाऱ्यांच्या कोंबड्या मारल्या जातात. उद्या पाणवठ्यावर तिच्याशी कोण बोलणार? याउलट, पहिली कोंबडी मेल्याबरोबर तिने उरलेल्या नऊ आणि टोपलीभर अंडी बाजारात नेली, तर संध्याकाळी तिच्या कनवटीला रोख रक्कम असते आणि शेजाऱ्यांशी वैरही येत नाही. कायदा तिला एक सांगतो आणि व्यवहार दुसरे सांगतो. ती व्यवहाराचे ऐकते यात तिचा अपराध किती आणि हे दर ठरवणाऱ्यांचा किती?

हे आमच्या कल्पनेचे खेळ नव्हेत. २००८ च्या जानेवारीत पश्चिम बंगालमध्ये बीरभूम जिल्ह्यात रोग निघाला आणि पाहता पाहता राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत पसरला. चाळीस लाखांहून अधिक पक्षी मारावे लागले, आणि ते बहुतांशी परसातले होते. लोकांनी कोंबड्या लपवल्या, रातोरात विकल्या, नातेवाइकांकडे धाडल्या. त्या वेळी गरिबांच्या अडाणीपणावर पुष्कळ लिहिले गेले. अडाणीपणा कसला? ज्याला आपले नुकसान कळते आणि जो ते टाळतो तो अडाणी नसतो.

म्हणून आमची पहिली मागणी अशी की, पहिल्या चोवीस तासांत कळवणाऱ्या घराला मेलेल्या कोंबड्यांचीही भरपाई मिळावी, देशी कोंबडीचा दर निराळा व बाजाराला धरून असावा, आणि पैसे कोंबड्या मारण्याच्या दिवशीच हाती पडावेत. यात लबाडी होईल, लोक चार मेल्या असता चौदा सांगतील, असे वित्त खाते म्हणेल. थोडी लबाडी होईलही. परंतु रोग एका खुराड्यात सापडणे आणि तालुकाभर सापडणे यांच्या खर्चातील अंतर नवापूरने दोनदा दाखवले आहे, २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये. कारकुनी हिशेबात वाचलेले रुपये जेसीबीने खणलेल्या खड्ड्यांत जातात.

दुसरी गोष्ट निदानाची. मेलेली कोंबडी बर्फात घालून तालुक्याच्या दवाखान्यात न्यावी, तेथून नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत जावा, आणि अखेरचा निर्वाळा भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेने द्यावा, असा हा प्रवास आहे. भोपाळची संस्था नामांकित आहे, तिच्या अधिकाराविषयी शंका नाही. तथापि जेथे एकेक दिवसाला मोल आहे तेथे महाराष्ट्रासारख्या राज्याने अखेरच्या शब्दासाठी परराज्याकडे डोळे लावून बसावे, हे आम्हांस पटत नाही. औंधच्या प्रयोगशाळेला साधने व मनुष्यबळ देऊन तिचा निकाल अंतिम मानण्याची व्यवस्था केंद्राने करून द्यावी. आणि निदान म्हणजे केवळ बर्ड फ्लू आहे की नाही एवढेच नव्हे. ‘बर्ड फ्लू नाही’ असा निकाल आला की सारे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि फाइल बंद होते. मग कोंबडी मेली कशाने, विषाने की बुरशीने, हे त्या घराला कोणी सांगत नाही. अंड्याचा प्रश्न मात्र तेथे जसाच्या तसा उभा असतो. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा दूरध्वनी क्रमांक सरकारने दिला आहे. तो गाय-बैलांसाठी आहे, दोन कोंबड्यांसाठी कोण येणार, अशी समजूत गावोगाव आहे. ती खोटी ठरेल असे खात्याने वागावे.

तिसरी गोष्ट लशीची, आणि ती ऐकून कोणालाही आश्चर्य वाटेल. राणीखेतीवर उत्तम लस आपल्या देशात कित्येक दशके तयार होत आहे. परसातल्या कोंबड्यांना नियमाने ती मिळाली तर खेड्यांतील बहुतेक मर थांबेल, आणि मग जी मर होईल ती डोळ्यांत भरेल व तिची चौकशी होईल. परंतु लशीची कुपी येते ती शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची, आणि उघडली की काही तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांची मालकीण शंभर मात्रांचे काय करील? गावातील साऱ्या कोंबड्या एका सकाळी टोचण्याचे दिवस ठरवणे, महिला बचत गटाच्या एखाद्या बाईला डोळ्यात थेंब टाकण्याचे व टोचण्याचे शिक्षण देणे, हे काही अशक्य काम नाही. सकाळी खुराडे उघडण्यापूर्वी ते उरकावे लागते, इतकेच. आणि सरकारी कचेऱ्या त्या वेळी उघडलेल्या नसतात.

कुक्कुटव्यवसायातील मंडळी आमच्यावर रुष्ट होतील याची आम्हांस जाणीव आहे. अशा लेखांनी बाजार पडतो, असे ते म्हणतील. २००६ मध्ये तो पडला होता. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तर कोंबडीमुळे करोना होतो अशी निराधार आवई उठली आणि कोंबड्यांना कोणी घेईना. शेतकऱ्यांनी त्या फुकट वाटल्या, पुरल्या. ते नुकसान आम्ही विसरलेलो नाही. परंतु ते कोणी सत्य सांगितल्यामुळे झाले नव्हते. लोकांना सांगणाऱ्यावर विश्वास नव्हता, म्हणून आवईवर विश्वास बसला. मंत्र्यांनी व्यासपीठावर तंगडी हाती धरून छायाचित्रे काढवून घेतल्याने तो विश्वास परत येत नाही.

आणि अंडे टाकून देण्याजोगे अन्नही नाही. आदिवासी भागांतील अंगणवाड्यांत अमृत आहार योजनेखाली मुलांना अंडी मिळतात, आणि कित्येकांच्या ताटात तेवढेच सकस असते. शाळांतील आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्याने २०२३ च्या नोव्हेंबरात घेतला आणि २०२५ च्या जानेवारीत त्यासाठीचा निधी बंद केला. चिरनेरच्या कोंबड्या मेल्या तोच हा महिना. दोहोंचा परस्परांशी संबंध नाही हे खरे. परंतु ज्या मुलाला शाळेत अंडे मिळत नाही, त्याच्या वाट्याला घरच्या खुराड्यातील अंडे तेवढे उरते. आणि त्या खुराड्यात कोंबडी मरून पडली, तर ‘ती अंडी टाकून दे’ असे त्याच्या आईला सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच पोचतो, जेव्हा त्या अंड्यांचा मोबदला आपण तिच्या हातावर ठेवलेला असतो. अधिवेशनात पशुसंवर्धनाच्या मागण्या चर्चेला येतील तेव्हा नव्वद आणि तीन या दोन आकड्यांचा हिशेब मुंबईच्या आमदारांनीही मागावा. गावठी अंड्यांचे गिऱ्हाईक त्यांच्याच मतदारसंघांत राहते.